कळ

शनिवारी ग्रंथालयाच्या तळघरात
आम्ही मोडक्या वस्तूंचं टेबल मांडतो.
टोस्टर येतात, शिलाई यंत्रं, एकदा फाटक्या भात्याचा अ‍ॅकॉर्डियन.
हीउमा बेटावर काही टाकून द्यायचं
तर आधी बोटीचं भाडं भरावं लागतं.

उर्वे लेपिक आल्या तेव्हा रस्त्यावर बर्फाची काच होती.
लॅपटॉप लोकरीच्या शालीत, कडेवरच्या मुलासारखा.
"वायफाय बंद होत नाही," म्हणाल्या.
लोक नेमकी उलटी तक्रार आणतात,
म्हणून मी पुन्हा विचारलं.
"बंद. होत. नाही."

वरच्या ओळीत शेवटून दुसरी कळ,
तिच्यावर इवलासा मनोरा, दोन्ही बाजूंना लाटा.
शेजारी दिवा, निळा.
मी दाबली. निळा.
जोरात दाबली. निळाच.
"मेनूतून बंद करता येतं की," मी म्हटलं.
"मेनूत शिरून केलं तर ठरवून केल्यासारखं वाटतं.
कळ दाबली, की दिवा मालवल्यासारखं."

मग थोडं थांबून:
मुलगा पर्थला. नावापुढचा हिरवा ठिपका त्याला दिसतो.
इथे पहाटेचे तीन, तिथे सकाळचे नऊ,
आणि त्याचं सुरू: आई, तू अजून जागी?
जागी असतेच.
चाळीस वर्षं वाऱ्याच्या नोंदी घेतल्या दीपगृहावर,
त्या वह्या आता रात्री टंकते, एकेक रकाना.
वॉल्ट्झ लावते, तो थेट कानातल्या यंत्रात वाजतो.
"ह्यात राइनरला सांगण्यासारखं काय आहे?"

मी काळी खिडकी उघडली.
कर्नेलची रोजनिशी वाचत मागे मागे गेलो.

अनोळखी कळ दाबली गेली. कोड e055.
तिची ओळख करून द्या.

०२:५०. अनोळखी कळ.
०३:१२. अनोळखी कळ.
०३:१२, ०३:१२, ०३:१३.
सप्टेंबरपासून, एकशे सहा वेळा.
मी त्याला बहिरा समजत होतो.
त्याने प्रत्येक हाक ऐकली होती, वेळेसकट टिपली होती.
ओ कुणाला द्यायची, तेवढं ठाऊक नव्हतं.

पडदा त्यांच्याकडे वळवला.
चष्मा वर करून, नाक लावून वाचू लागल्या.
"चौदा नोव्हेंबर. नैर्ऋत्य, एकवीस मीटर.
त्या रात्री गॅरेजचं छप्पर वाजत होतं."
बोट खाली सरकलं.
"ही शांत होती. नुसतं धुकं."

मी २४७ हा आकडा जोडला.
दिवा नारिंगी झाला, पण त्यांनी हात कानाला नेला.
वॉल्ट्झ मधेच तुटला होता.
२४७ म्हणजे सरसकट सगळंच बंद,
वायफायबरोबर ब्लूटूथही.
"जरा कळ काढा," म्हणालो, आणि २३८ दिला.
ह्या वेळी दिवा नारिंगी, आणि त्यांचा पाय टेबलाखाली
एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.

रीस्टार्ट केलं. विसरला!
मग एक छोटी फाइल लिहून ठेवली, दोनच ओळींची,
म्हणजे रोज उठल्यावर त्याला कुणी आठवण करून द्यायला नको.

निळा. नारिंगी. निळा.
लिफ्टशी खेळणाऱ्या पोरीसारख्या त्या दाबत राहिल्या.
नारिंगीवर थांबल्या.

रोजनिशीची छापील प्रत मागून घेतली,
चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात.
वहीशी ताडून पाहायची म्हणे.
शाल गुंडाळली, जिना चढल्या, अर्ध्यावर वळल्या.

"पाच डिसेंबरला मी तार्तूत होते, डोळ्याच्या डॉक्टरकडे.
घराला कुलूप.
मग ३:४० ला कुणी दाबली?"

मी खांदे उडवले.

"मुस्टी," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "तरी म्हटलं,
कीबोर्डवर केस कुठून येतात."